हौदाची शंभर टक्के हजेरी

आमच्या गुतू भागात पावसाळ्यात दर गुरुवारी प्रत्येक गुराने गोचीडनाशक औषधाच्या हौदातून पोहून जावे, असा नियम आहे. नियम कडक आहे. औषध मात्र गेल्या पावसाळ्यापासून आलेलेच नाही, त्यामुळे गुरे साध्या पाण्यात पोहतात.

यात गोचिडींची मोठी सोय झाली. पूर्वी बिचाऱ्या आपापल्या कुरणात पडून असत. आता सगळ्या वस्त्यांच्या गोचिडी हौदाकाठच्या गवतात उतरतात, तिथेच कात टाकतात आणि परक्या गुरांच्या कानांत ताप घेऊन शिरतात. गुरे पटापट मरू लागली.

अंबुया मातिरासा या विधवा म्हातारीची गाय मचेना तेवढी ठणठणीत होती. म्हातारीचे दूध, नांगर, सगळे त्या एका गाईवर. अंबुया तिला हौदावर नेतच नसे. रोज तिच्या कानांतल्या गोचिडी वेचून कोंबड्यांपुढे टाकी.

हौदावरचा अंमलदार मुसेकिवा दारात येऊन ओरडला, "अंबुया, तुमची गाय बेकायदा जिवंत आहे!"

"मग काय, कायद्यानं मारतोस तिला?"

"वरून हुकूम आहे. ज्या हौदाची हजेरी शंभर टक्के, त्यालाच औषध. तुमच्या एका गाईपायी अख्खं गाव अडलंय."

हे ऐकून आम्ही गावकरी पेटलो. शेजारचा पायरोसी म्हणाला, "अहो अंबुया, पाण्यात बुडवलं म्हणून गाय काय विरघळते का?"

"पाण्याला कोण भितंय, मेल्या? त्या काठच्या गवतात पाय ठेवायचा नाही तिनं!"

आम्ही गाय ओढतच नेली. हजेरी पूर्ण झाली, टाळ्या पडल्या.

थोड्याच दिवसांत मचेनाच्या कानाखाली गाठी आल्या, डोळ्यांवर पांढुरका पडदा चढला, तोंडाला फेस आला आणि ती गेली. अंबुया तिच्या मानेला मिठी मारून रडली. आम्हालाही फार वाईट वाटले. मक्याच्या पिठाच्या घट्ट साद्झाबरोबर तिचे मांस मात्र छान लागले.

औषध तरीही आले नाही. "मेलेलं जनावर गैरहजर धरतात," मुसेकिवा म्हणाला. "तिच्या जागी एक धडधाकट गाय आणून उभी करा."

अंबुया म्हणाली, "माझी तर मारलीत. आता कुणाची?"

प्रश्न रास्त होता, म्हणून आम्ही हिंडून चौकशी केली. तुमची गाय भलतीच तजेलदार आहे म्हणतात. आम्ही सगळे तुमच्या दाराशी उभे आहोत. अंबुया तेवढी आली नाही. म्हातारीला समाजाची कळकळच नाही. तुम्ही तशा नाही. कडी काढा.