पाचव्या गाण्याची गळती

"लिही," साडूभाऊ म्हणाले. "नजर दोन प्रकारची असते. एक सामान्य माणसांची आणि दुसरी माझी."

मी लिहिलं.

"गुन्हेगार मला पाहून चळाचळा कापतात."

साडूभाऊंना आजवर एकही गुन्हेगार भेटलेला नाही, त्यामुळे हे खोटं ठरवायला कुणी पुढे येण्याची भीती नव्हती. तेही लिहिलं.

त्यांचं कार्यालय म्हणजे माझ्या झेरॉक्सच्या दुकानातली पंख्याखालची खुर्ची. माझ्या पाटीवर 'लॅमिनेशन करून मिळेल'च्या खाली त्यांनी 'गूढ उकलून मिळेल' असं स्वहस्ते रंगवलं आहे. मी त्यांना उठा म्हणू शकत नाही, कारण ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको सुटी मिळत नाही. सासुरवाडी पूर्ण संच म्हणून घ्यावी लागते आणि संचात साडू येतोच.

तेवढ्यात समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे गायक आत आले. त्यांना सगळे दादा म्हणतात. त्यांनी नऊ गाणी लिहून गायली होती, चाली धाकट्या भावाच्या होत्या, आणि अल्बम रविवारी बाहेर पडणार होता.

"अल्बम पूर्ण मिळेल, सुटं गाणं मिळणार नाही," दादा बसता बसता म्हणाले. "कादंबरीचं एक प्रकरण फाडून विकतं का कुणी? माझं पाचवं गाणं कळायला आधीची चार ऐकावी लागतात."

"आणि नंतरची चार?" मी विचारलं.

"ती पाचव्यातून सावरायला."

साडूभाऊंना हे फारच पटलं. तेही सुटा निष्कर्ष विकत नाहीत. शंका, पाठलाग, चुकीचे संशयित आणि मग निष्कर्ष, असं सगळं एकत्र घ्यावं लागतं. शेवटी निष्कर्ष निघेलच अशी हमी मात्र ते देत नाहीत.

"अडचण काय आहे?" त्यांनी विचारलं.

"अल्बम यायचाय आणि पाचवं गाणं आत्ताच इमारतभर फिरतंय. खालचे दाताचे डॉक्टर गुणगुणतात, दुसऱ्या मजल्यावरच्या टेलरबाई गुणगुणतात. रेकॉर्डिंग तर माझ्या कपाटात कुलपात आहे." दादांचा आवाज खाली आला. "धाकट्याला गाणी सुटी विकायची आहेत. पाचवं आधी सोडू, आवडलं तर लोक बाकीची घेतील, म्हणतो. मी नाही म्हणालो आणि लगेच हे झालं. शनिवारपर्यंत चोर सापडला नाही तर मी त्यालाच चोर धरणार आणि आमचं एकत्र वाजवणं बंद. लहानपणापासून वाजवतोय हो आम्ही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "शक्यतो दुसरा कुणीतरी शोधा."

तपास दुसऱ्या दिवशी अकराला सुरू झाला. साडूभाऊंचा प्रत्येक तपास अकराला सुरू होतो, कारण त्याआधी ते उठत नाहीत.

पहिला संशयित होता ध्वनिमुद्रक. साडूभाऊंनी त्याच्या स्टुडिओत जाऊन त्याला एकदम दरडावलं, "पाचवं गाणं म्हणून दाखव!"

"मला एकही येत नाही," तो म्हणाला. "मी आवाज ऐकतो, गाणी ऐकायला वेळ कुठे असतो?"

"खोटं बोलतोय," बाहेर आल्यावर साडूभाऊ म्हणाले. मग चार पावलं चालून म्हणाले, "किंवा खरं." या दोनपैकी एक नक्की होतं, त्यामुळे मीही मान हलवली.

दाताच्या डॉक्टरांची चौकशी साडूभाऊंनी रुग्णाचं सोंग घेऊन केली. या योजनेत एकच उणीव होती. चौकशीभर तोंड उघडं ठेवायचं असल्याने त्यांना एकही प्रश्न विचारता आला नाही. डॉक्टर मात्र गुणगुणत होते. दोन कडवी झाली आणि मध्येच ते "हू हू हू हू" असं थरथरत म्हणाले, मग पुन्हा धृपदावर आले. साडूभाऊ बाहेर आले तेव्हा त्यांची एक दाढ कमी होती.

"थापडला," ते गालावर हात धरून म्हणाले. म्हणजे 'सापडला'.

"चोर?"

"धागा."

दादांना विचारलं, तर मूळ गाण्यात 'हू हू हू हू' नव्हतंच. टेलरबाईंकडे गेलो. त्या शिवणयंत्रावर तेच गाणं म्हणत होत्या आणि दुसऱ्या कडव्यानंतर त्याही 'हू हू हू हू' करून थरथरल्या.

"गाणं कुठून शिकलात?" मी विचारलं.

"शिकले कुठे? तोंडात बसलंय," त्या म्हणाल्या. "कानावर पडतं ना रोज."

मी पुढे विचारणार होतो, पण साडूभाऊंनी मला ओढून बाहेर आणलं. साक्षीदाराला फार बोलू देऊ नये असा त्यांचा नियम आहे, कारण त्याने आपला तर्क बिघडतो.

"दवाखाना पहिल्यावर, टेलरबाई दुसऱ्यावर, दादा तिसऱ्यावर," ते जिन्यात म्हणाले. "सगळे एकाखाली एक. याचा अर्थ?"

"सगळ्यांच्या खिडक्या हवेसाठी ठेवलेल्या एकाच डक्टमध्ये उघडतात," मी म्हणालो.

"मूर्खा, याचा अर्थ चोर लिफ्टने फिरतो!"

शुक्रवारी ते दिवसभर लिफ्टमध्ये उभे राहिले. दुपारपर्यंत लोक त्यांना मजले सांगू लागले आणि संध्याकाळी एका आजींनी आपली पिशवी त्यांच्या हातात देऊन "नवीन लागलास का रे?" असं मायेने विचारलं. चोर काही आला नाही.

शनिवारी त्यांनी सगळ्यांना दादांच्या बैठकीच्या खोलीत जमवलं. धाकटा दाराशी उभा होता. गिटार खोळीत होती आणि वायरींची बॅग भरलेली होती. दादा त्याच्याकडे बघत नव्हते. वहिनी, म्हणजे दादांची बायको, चहाचे कप वाटत होत्या.

"प्रत्येक चोर खूण सोडतो," साडूभाऊ सुरू झाले. "इथे ती खूण आहे 'हू हू हू हू'. हा सांकेतिक शब्द आहे. याचा फायदा कुणाला? ज्याला गाणं सुटं विकायचंय त्याला!" आणि त्यांनी धाकट्याकडे बोट केलं.

मला वाईट वाटलं. त्या पोराचा चेहरा पार उतरला होता.

"दादा, तुला खरंच असं वाटतं?" तो म्हणाला. दादा चष्मा पुसू लागले. त्याने बॅग उचलली.

"हू हू तर यांचं आहे," वहिनी ट्रे खाली ठेवत म्हणाल्या.

"कुणाचं?"

"यांचं. आपला गीझर छोटा आहे. दोन कडव्यांपुरतंच गरम पाणी येतं, मग अंगावर गार येतं आणि हे हू हू करतात. रोज सकाळी आठला. बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते. अख्खी इमारत ऐकते."

"मी बाथरूममध्ये गातो?" दादा म्हणाले. "मी?"

"लग्न झाल्यापासून ऐकतेय."

"मग आधी का नाही बोललात?" साडूभाऊ खवळले.

"तुम्ही मला एवढंच विचारलंत, की चहा आहे का."

धाकट्याने बॅग खाली ठेवली. "आणि वहिनी, बाकीची आठ गाणी?"

"ती मी ऐकलीच नाहीत रे. रोज ते एकच असतं."

आधीच्या चारांशिवाय जे कळत नाही, ते गाणं दादा रोज सकाळी सुटंच गात होते आणि टेलरबाईंना ते व्यवस्थित कळलं होतं. मग ते उठले, धाकट्याच्या बॅगेतून वायरींचं भेंडोळं काढलं आणि खुंटीवर पूर्वीच्या जागी टांगलं. त्या घरात बहुधा माफी अशीच मागतात. धाकट्याने गिटार खोळीतून काढली आणि कोपऱ्यात उभी केली. वहिनींनी त्याला दुसरा कप दिला.

दादांचं तत्त्व मात्र अजून जिवंत होतं. रविवारी अल्बम पूर्णच निघाला, आणि सोमवारी सकाळी आठला ते बाथरूममध्ये पहिल्या गाण्यापासून सुरू झाले. तिसऱ्या कडव्यालाच गीझर संपला, पण ते मागे हटले नाहीत. नवव्या गाण्यापर्यंत इमारतीच्या टाकीतलं पाणीही संपलं.

दहा वाजता दाताचे डॉक्टर माझ्या दुकानात एक अर्ज घेऊन आले. 'दादांना नम्र विनंती, की पाचवं गाणं तेवढं सुटं द्यावं. हू हू हू हू सकट.' खाली सगळ्या मजल्यांच्या सह्या होत्या. त्यांना प्रत्येक घरासाठी एकेक प्रत हवी होती.

गाणं त्याच आठवड्यात सुटं निघालं, हू हू हू हू सकट. दादा शिंकत शिंकत स्वतः सांगायला आले. साडूभाऊंनी लगेच बिल पुढे केलं. ध्वनिमुद्रक, दाढ, लिफ्ट आणि निष्कर्ष, सगळं त्यात होतं.

दादांनी ते नीट वाचलं. "संशयित नकोत, लिफ्ट नको," ते म्हणाले. "निष्कर्ष तेवढा सुटा घेतो. पण तो आमच्या हिच्याकडून घरीच मिळाला."

ते गेल्यावर साडूभाऊंनी बिलाची घडी करून खिशात घातली.

"लिही," मग ते म्हणाले. "सुट्या विक्रीने थोर कलांचा घात केला."

मी लिहिलं नाही. लॅमिनेशनचं गिऱ्हाईक आलं होतं, आणि त्याला फक्त लॅमिनेशनच हवं होतं.