पाटावर बसलेला लॅपटॉप

सेजलचा लॅपटॉप चार दिवस अखंड चालू होता. झाकणावर तिने चिठ्ठी डकवली होती : 'कोणीही हात लावू नये.' आता दसऱ्याच्या सकाळी, हळर्ण गावात तिच्या वडिलांच्या, गोकुळदासांच्या घरात, असल्या चिठ्ठीला कोण विचारतो? ती अंघोळ करून आली तोवर लॅपटॉप बंद होऊन कोयता आणि कुदळीच्या शेजारी पाटावर बसला होता. कपाळाला गंध, वर रोजाचं, म्हणजे झेंडूचं, फूल.

"बाबा, काय केलंत ह्या? चालू होतो तो!"

"चालू हत्यार कोण पूजता गो? पंपसुद्धा बंद केलंय मी. आणि केवढो तापलेलो बिचारो!"

तापणारच. प्रकाशाचा एक झटका मारून इलेक्ट्रॉनला इथून उचलून तिथे बसवायचं, तर तो झटका नेमका कसा हवा, हे कॉम्प्युटर हजारो लुटुपुटूचे झटके मारून शोधत होता. झोपाळ्याला कधी आणि किती जोर द्यायचा, तसंच काहीसं. उत्तर आज पाचच्या आत जर्मनीच्या प्रयोगशाळेला गेलं, तर सेजलला तिथे दोन वर्षांचं काम. नाही गेलं, तर जागा दुसऱ्याला.

तिने हात पुढे केला. आई, गंगा, मध्ये आली. "पूजेक बसलेला उठवू नुको गो. आरती होऊंदे."

आरती थोरला भाऊ सुदेशदादा आल्यावर. सुदेशचा टेम्पो धारगळ गावच्या नाक्यावर, आणि तिथे शेजारच्या प्रत्येक टेम्पोची पूजा आटपून यायची त्याची रीत. तेवढ्यात शेजारच्या बाबलीला ही कल्पना फार आवडली. ज्या वायफायवर दोन्ही घरं चालत, तो राउटरच त्याने आणून पाटावर ठेवला. "ह्योय वर्सभर राबता मगे!"

सेजलने कपाळ बडवून घेतलं.

सुदेश उगवला साडेतीनला. आरती झाली. मग गोकुळदासांनी नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, माझ्या चेडवाचो इलेक्ट्रॉन वाटेत अडकलो हा. तेका सुखरूप पोचय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज सेजलचा होता.

साडेचारला लॅपटॉप उघडला. दर टप्प्याचं उत्तर साठवलेलं होतं, पण सकाळपर्यंतचंच. अर्धंमुर्धं. दुसरा इलाज नव्हता. राउटर लावून तिने तेच पाठवलं आणि नखं खात बसली.

वीस मिनिटांत उत्तर आलं. तिने मोठ्याने वाचलं, "असाच साधा झटका हवा होता. बाकीच्यांनी कॉम्प्युटर इतका पळवला, की त्यांचे वेडेवाकडे झटके आमच्या लेसरला जमेनात. कुठे थांबायचं हे तुम्हाला कसं कळलं? लवकर या."

बाबलीने राउटरला नमस्कार केला. गंगा डोळे पुसत गोड करायला आत गेली. गोकुळदास मात्र पाटाशी बसून राहिले. फार आनंद झाला होता त्यांना, आणि फार वाईटही वाटत होतं.

"म्हणजे तो तुझो इलेक्ट्रॉन पोचलो?"

"पोचलो बाबा."

"आणि थंयच रवतलो?"

"परत आणूक येता. तेका दुसरो झटको लागता."

गोकुळदासांनी रोजाचं फूल उचलून लॅपटॉपवर नीट ठेवलं.

"मग तो परतीचोय आताच शोधून ठेव गो बाय," ते म्हणाले. "मी हात लावूचंय नाय."