आप्पांच्या मुंगसाचा शनिवार

आमच्या मंगळवार पेठेत मुंगसाच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला मंडईत फिरवणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहायचा. आप्पा चित्तेवान. अंगात खाकी कोट, तोंडावर गलमिशा, हातात दोरी आणि दोरीच्या टोकाला बाजी. नवी नवरी म्हणून मी पहिल्यांदा ते ध्यान बघितलं, तेव्हा डोक्यावरचा पदर सांभाळू की हसू दाबू, मला कळेना.

आप्पांची उभी हयात संस्थानचे शिकारी चित्ते सांभाळण्यात गेलेली. चित्त्याला रानात नेताना डोळ्यांवर कातड्याची टोपी घालायची, हरीण दिसलं की ती काढायची, अशी रीत. पुढं चित्ते संपले, मग संस्थानही विलीन झालं आणि आप्पा घरी बसले. बायको केव्हाच गेलेली, मूलबाळ नाही. घर खायला उठलं, तेव्हा त्यांनी एका गारुड्याकडून हे मुंगूस घेतलं आणि चित्त्याची सगळी रीत बिचाऱ्याला लावली. माणसांची सवय व्हावी म्हणून मंडईत फेरी. लाकडी पळीतून मांस. आणि शनिवारी कडकडीत उपास, कारण रविवारी शिकार.

शिकार म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातले उंदीर.

आप्पा उंबऱ्यात उभे राहून सांगायचे, "वैनी, बाजूला व्हा. जनावर सोडतोय." टोपी निघायची. बाजी उंदराकडं ढुंकूनही न बघता सरळ अंड्यांच्या टोपलीकडं. "पोट भरलेलं दिसतंय," आप्पा गंभीरपणे म्हणायचे. "भरल्या पोटी शिकार न्हाय, वैनी." हे वाक्य त्यांच्या तोंडी दिवसातनं दहादा. मी जेवायला हाक मारली तरी हेच. मी म्हणायचे, "आप्पा, तुम्हाला कुठल्या हरणामागं पळायचंय?" त्यावर मिशीतल्या मिशीत हसायचे आणि उपाशीच घरी जायचे.

गल्लीतल्या बायकांनी त्या उपासाचा अर्थ आपल्या परीनं लावला. मुंगूस शनिवार करतंय, म्हणजे मारुतीचं भक्त असणार. आमच्या सासूबाई तर त्याला येता-जाता हात जोडायच्या.

एका वर्षी दिवाळी झाली आणि बाजी ढेपाळला. चालता चालता मध्येच थांबायचा, मागचे पाय फरफटत न्यायचा. आप्पांचं निदान तयार. "माजलाय. खुराक जास्त झाला." शनिवारला जोडून त्यांनी शुक्रवारही उपाशी ठेवला. मी म्हटलं, "अहो, वाळून चाललंय ते." पण सांगायचं कुणाला, पालथ्या घड्यावर पाणी.

रविवारी आप्पांनी माझ्या उंबऱ्यात टोपी काढली आणि बाजी जागच्या जागी आडवा झाला. तोंडाला लाळ, पाय ताठ, डोळे उघडे पण नजर कुठंच नाही. आप्पा मटकन खाली बसले. जन्मभर चित्त्यांच्या जबड्यापाशी हात घातलेला माणूस, पण बाजीला हात लावायला धजेना. "बसताय काय, उठा," म्हणून मीच ओरडले, टांगा बोलावला आणि दोघांना घेऊन ढोरांच्या डॉक्टरचं घर गाठलं.

"शेवटचं कधी खाल्लं यानं?" डॉक्टरांनी विचारलं.

"गुरवारी. शिकारीचं जनावर हाय, सायेब."

डॉक्टर बोटावर ग्लुकोज घेऊन बाजीच्या हिरड्यांना चोळत राहिले. बऱ्याच वेळानं बाजीनं ते बोट चाटलं. मग मात्र डॉक्टर बोलले, आणि पोटभर बोलले.

"उपाशी राहिलं की याच्या रक्तातली साखर उतरते. मुंगसात मी हे बघितलं नव्हतं, कुत्र्यात बघितलंय. हे मुळातनं बरं होणारं दुखणं नव्हे, सांभाळायचं दुखणं आहे. दिवसभर थोडं थोडं मांस आणि अंडं द्या. आडवा झालाच तर हिरड्यांना गोड लावा, आणि उठला की लगेच मांस. उपास धरलात तर मात्र गमावून बसाल."

आप्पांनी कानाला हात लावला. पण एका टोकाचा माणूस दुसऱ्याच टोकाला जायचा. वडगावहून माझ्या माहेरची काकवी आली होती, ती त्यांनी मागून नेली आणि बाजीला वाटीभर पाजली. बाजी अंगणभर नाचला आणि संध्याकाळी पुन्हा आडवा. पुन्हा टांगा, पुन्हा शिव्या. "गोडानं साखर चढते आणि मग जास्तच उतरते. काकवी औषध आहे, पंगत नव्हे," डॉक्टर म्हणाले.

तेव्हा कुठं आप्पा शिकले. अत्तराच्या बाटलीत काकवी भरून त्यांनी ती गळ्यात बांधली. पलीकडच्या शाळेची घंटा झाली की लाकडी पळी घेऊन उठायचे, "बाजी, जेवाय." बाजी एकटक बघायला लागला, लाळ गळायला लागली, की समजायचं, साखर उतरली, आणि काकवीचं बोट हिरड्यांना लावायचं. उकडलेल्या मांसाची वाटी माझ्या फडताळात कायमची आली. गल्लीत लोक एकमेकांना रामराम घालायच्या आधी विचारायला लागले, "बाजी जेवला व्हय?" मारुतीचा शनिवार मोडला म्हणून सासूबाई तेवढ्या हळहळल्या.

मग एके दिवशी माझ्या ध्यानात आलं, बाजीची टोपी दिसत नाही. आप्पा कट्ट्यावर उन्हाला बसले होते, बाजी मांडीवर. मी थट्टेनंच विचारलं, "टोपी कुणाला घातलीत, आप्पा?"

"पेटीत ठिवली. टोपी असली की डोळं दिसत न्हाईत, वैनी. डोळं बघितलं की आदीच कळतंय." मग म्हणाले, "आमच्या शेवटच्या चित्त्याची टोपी ती. कापून बारकी केलती. त्योबी असाच गप पडलता. म्या म्हटलं, उपाशी हाय म्हणून गप हाय, उद्या पळंल. टोपी काढली न्हाय. सकाळी काढली, तवा गार झालता."

माझे डोळे भरून आले. मी आत गेले आणि बाजीच्या वाटीबरोबर भाकरी-रश्श्याचं ताटही आणून आप्पांच्या पुढ्यात ठेवलं.

"वैनी, भरल्या पोटी..." आप्पांनी सुरुवात केली आणि बाजीकडं बघून तिथंच थांबले. शाळेची घंटा झाली. त्यांनी एक तुकडा बाजीच्या तोंडात दिला, एक घास मोडून आपल्या तोंडात घातला.

"खा लेकरा," ते म्हणाले, "आपल्याला आता कुठं शिकारीला जायाचंय."