पाहुणा नको म्हणाला तर

ऋतुराजच्या खेळातला पाहुणा जेवायला बसला होता आणि काही केल्या उठत नव्हता. संगणकावर त्याच्या वाटीत आमरस पडायचा, तो "नको, नको" म्हणायचा आणि लगेच आणखी रस पडायचा. मुबश्शिराने खेळाच्या आज्ञा तपासल्या. एक होती, ‘जर पाहुणा हो म्हणाला तर वाढ.’ तिच्याखाली होती, ‘जर पाहुणा नको म्हणाला तर वाढ.’

"अरे, दोन्हीकडं वाढायचंच आहे, तर मग विचारतोस कशाला?"

"मॅडम, विचारावं तर लागतंयच ना! न विचारता वाढल्यावर पाहुण्याला राग नाय का येणार?"

मुबश्शिराकडे कॉम्प्युटरची पदवी होती, पण पाहुण्याच्या रागाचा धडा तिच्यात नव्हता. गारखेड्यातल्या साहेबरावांच्या हॉलमध्ये सुट्टीत ती मुलांना खेळ बनवायला शिकवत होती. ‘जर-तर’ मुलांच्या डोक्यात बसलं की निम्मी लढाई जिंकली, असं तिचं मत होतं. साहेबरावांचं मत वेगळं होतं. "खेळ तर पोरं गल्लीत बी खेळतेत," ते म्हणाले होते. "रविवारी आईबापाला बोलवा, काय शिकवलं ते दिसू द्या. नायतर सोमवारपासून हॉल अबॅकसवाल्याला." मुबश्शिरा तेव्हापासून रविवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजत होती. या कार्ट्यांचा तिला भारी लळा लागला होता.

"खेळ थांबायला अट पाहिजे," तिने मुलांना सांगितलं. "तुमच्या घरी वाढणं कधी थांबतं?"

मुलं विचारात पडली. असा प्रसंग कोणी पाहिलाच नव्हता.

"मिस, अम्मी तो ‘मेरी कसम’ बोलके और डालती," खुशनुमा म्हणाली.

शेवटी ऋतुराजनेच तोड काढली. पातेलं रिकामं झालं की थांबायचं. सगळ्यांना ते पटलं, अट खेळात बसली, पाहुणा एकदाचा ढेकर देऊन उठला आणि मुबश्शिराने आनंदाने सगळ्या पोरांना बर्फाचे गोळे खाऊ घातले.

रविवारी हॉल भरला. पुढच्या खुर्चीवर ऋतुराजची आजी सारजाबाई नवं लुगडं नेसून बसली होती. खेळ भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सुरू झाला. पाहुणा आला, रस वाढला गेला, टाळ्या पडल्या. मग अक्षरं उमटली: ‘पातेलं रिकामं. खेळ संपला.’

सारजाबाई ताडकन उठली. "कुणाच्या घरातलं पातेलं हाये हे?"

"आज्जी, आपल्याच..." ऋतुराज बोलून गेला.

"आपल्या घरात पाहुण्याम्होरं पातेलं रिकामं? चारचौघांत माझं नाक कापतो व्हय रं? काढ ते आधी!"

मुबश्शिरा "आजी, ती अट आहे..." म्हणेपर्यंत घाबरलेल्या ऋतुराजने अट पुसून खेळ पुन्हा चालू केला होता. मग काय विचारता! रस वाटीतून ताटात, ताटातून पाटावर आला. पाहुणा गळ्यापर्यंत बुडाला, मग त्याची टोपी तेवढी उरली आणि त्या पिवळ्या पुरातून "नको, नको" ऐकू येत राहिलं. अखेर पडदा काळा झाला. लॅपटॉपने मान टाकली होती.

"झालं?" साहेबराव उठले. "अबॅकसवाल्याला फोन लावतो."

मुबश्शिराला रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात खुशनुमाचे अब्बा जब्बारभाई उभे राहिले. वाळूजच्या कारखान्यात रात्रपाळी करून ते थेट इथेच आले होते.

"आजी, एक सांगा. पाहुण्यानं वाटीवर हात आडवा धरला तर?"

"तर बोटांच्या फटीतून वाढायचं."

"और मेहमान को शुगर रही तो?"

सारजाबाईने डोळे बारीक केले.

"खरी का खोटी?"

"मतलब?"

"लई जण नुसतं सांगतेत. खोटी असली तर वाढायचं. खरी असली तर..." तिला फार जड गेलं. "तर अर्धी वाटी."

खुशनुमा धावत फळ्याशी गेली आणि लिहू लागली: ‘जर शुगर असेल आणि ती खरी असेल, तर अर्धी वाटी. नाहीतर पूर्ण.’ एका ‘जर’मध्ये दोन अटी! हेच शिकवताना मुबश्शिराचा घसा बसला होता. आता मागून कोणी ओरडलं, "उपास असला तर?" कोणी म्हणालं, "व्याही असला तर?" एका बाईंनी "नणंद असली तर?" असं विचारलं तेव्हा त्यांचे यजमान खिडकीबाहेर पाहू लागले. आईबाप फळ्यापुढे हमरीतुमरीवर आले, मुलं भराभर अटी लिहीत होती आणि मधोमध मुबश्शिरा खडूने माखून खदाखदा हसत होती.

साहेबराव फोन हातात धरून तसेच उभे होते. धोंड्याचा महिना चालू होता आणि त्यांचा नवाकोरा जावई पहिल्यांदाच जेवायला यायचा होता. त्यांनी घसा खाकरला.

"आन्... जावई असला तर?"

सगळ्यांनी सारजाबाईकडे पाहिलं, सारजाबाईने वर छताकडे पाहिलं. फळ्यावर मोकळी जागा अगदी थोडी उरली होती.

"सर," ऋतुराज गंभीरपणे म्हणाला, "जावई ह्यात नाय बसायचा. त्याला वेगळाच खेळ लिहावा लागंल. लई दिवस लागतील."

साहेबरावांनी क्षणभर विचार केला आणि फोन कानाला लावला.

"हां, अबॅकसवाले ना? इतक्यात हॉल मिळायचा नाय, साहेब. आमच्या जावयाचं काम चालू हाये."