कोंबड्यांचा नाताळ

व्लादेताच्या कोंबड्या अजून बाजारातच होत्या, पण त्यांचं वेळापत्रक तयार होतं! सबंध आयुष्य रेल्वेत गाड्यांच्या वेळा लावलेल्या माणसाला दहा कोंबड्या म्हणजे काय हो? मक्याचा खर्च ठरला. खुराडं फुकट, जुनं कपाट आडवं केलं की झालं. रोज नऊ अंडी. दहावी कोंबडी साप्ताहिक सुट्टीवर!

फक्त दिनार बायकोकडे होते. आणि देसांका म्हणाली, "आधी संत इग्नातियाचा सण होऊ दे. सकाळी उंबरठ्यावर पहिलं पाऊल कोणाचं पडतं ते बघू. पायगुण चांगला निघाला तर कोंबड्या. नाहीतर नाही."

"अगं, हा हिशेब आहे!"

"मग हिशेबालाच सांग अंडी घालायला."

त्या सणाला सबंध सर्बियात कोंबड्यांचा नाताळ उगाच म्हणत नाहीत! तेव्हा व्लादेताने पायगुणाचंही नियोजन केलं. मेहुणा ओब्राद गोल, गुबगुबीत, बसला की उठायचं नाव नाही. खुडूक कोंबडीला याहून चांगला आदर्श कोण? त्याने सगळ्यांत आधी यायचं, सणाच्या रीतीप्रमाणे चुलीजवळच्या उशीवर बसून 'कॉक कॉक' करायचं, की काम फत्ते!

सकाळी व्लादेता बर्फात फाटकाशी उभा. ओब्राद येईना. आली ती शेजारीण स्तामेना, जिचं खुराडं कोल्हा आपलंच स्वयंपाकघर समजत असे!

"पिठाची चाळण हवी होती जरा."

"आत जाऊ नका!"

"का? माझ्या पायांना काय काटे आहेत?"

खरं कसं सांगणार? "देसांकाला ताप आहे!" व्लादेता बोलून गेला. "फणफणलीय नुसती!"

ती घाबरून पळेल हा त्याचा अंदाज. माणसांना दया येते, ही बाब अंदाजपत्रकात राहूनच गेली होती! स्तामेनाने डोळ्यांना डोक्यावरच्या रुमालाचं टोक लावलं आणि गल्लीत बोंब ठोकली, "अगं बायांनो, धावा! देसांका चालली!"

क्षणात गल्ली लोटली. नाताळापर्यंतचा उपास सगळ्यांचाच होता, अंडं वर्ज्य, पण आजाऱ्याला ते चालतं. त्यामुळे नाताळाच्या केकसाठी राखलेली अंडी टोपल्यांतून निघाली. व्लादेता फाटकात हात पसरून उभा राहिला. त्याला बाजूला सारून स्तामेना उंबरठा ओलांडून सर्वांत आधी आत!

आत देसांका ठणठणीत, कोपरापर्यंत हात पिठात. तिने बायकांकडे पाहिलं, टोपल्यांकडे पाहिलं, मागे उभ्या नवऱ्याच्या पडलेल्या तोंडाकडे पाहिलं, आणि हळूच खोकली.

बायका गेल्यावर ती म्हणाली, "बघ! घरात एक कोंबडी नाही आणि टेबलावर मावत नाहीत इतकी अंडी. स्तामेनासारखा पायगुण अख्ख्या गावात नाही!"

व्लादेताचा चेहरा उजळला. "मग आणू ना कोंबड्या?"

"कशाला? मका नको, खुराडं नको. महिन्यातून दोनदा मला ताप आला की भागलं!"

व्लादेताने सुस्कारा टाकला आणि एक अंडं उचललं.

"ठेव ते खाली," देसांका म्हणाली. "आजारी मी आहे. तुझा उपास आहे!"