काट्यावरचे नऊशे ग्रॅम

वजनकाट्यांच्या बाबतीत अख्ख्या बाजारात माझा हात धरणारा कुणी नाही. मी दुरुस्त केलेला काटा ग्रॅमभरही इकडेतिकडे होत नाही. माझं स्वतःचं वजन मात्र विचारू नका. तो काटा मी माळ्यावर टाकलाय.

तर लहान मुलांच्या दवाखान्यात काटा दुरुस्त करताना डॉक्टरीणबाई सहज बोलून गेल्या. पहिल्या दोन वर्षांत पोटात काय आणि किती जातं, त्यावरून शरीर पुढच्या बऱ्याच सवयी लावून घेतं म्हणे. बाळाची आबाळ झाली तरी वाईट आणि ते भराभर फुगलं तरी वाईट. मोठेपणी लठ्ठ व्हायचा धोका दोन्हींनी वाढतो. मला आधी माझं गुबगुबीत बालपण आठवलं आणि मग आमची आठ महिन्यांची छकुली. हिला माझ्या वाटेने जाऊ द्यायचं नाही, असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

दुकानातला सगळ्यात नाजूक काटा घरच्या टेबलावर आला. रोज सकाळी छकुली त्यावर बसायची. ती कलंडू नये म्हणून मी दोन्ही बाजूंना हात आडवे धरून, खाली वाकून आकडा वाचायचो. चार दिवसांत पाचशे ग्रॅम वाढले! माझं धाबं दणाणलं.

कुस्करलेलं केळं आजपासून अर्धीच वाटी, असं मी बायकोला बजावलं. ती म्हणाली, पोर तोंड उघडेल तोवर मी भरवणार. मग भरवायचं काम मीच घेतलं. उरलेली अर्धी वाटी टाकवेना, म्हणून मीच संपवायचो. छकुली भोकाड पसरायची आणि आकडा तरीही वाढायचा. आठव्या दिवशी नऊशे झाले, तेव्हा मला आईचा संशय आला.

"तू हिला गुपचूप भरवतेस ना? मला भरवायचीस तसं?"

आई उठून आत गेली. दिवसभर तिने नातीला उचलूनही घेतलं नाही. मला चुटपुट लागली, पण काटा माझा होता.

दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला. नर्सबाईंनी वजन केलं आणि म्हणाल्या, वजन अगदी ठीक आहे, पण पोर भुकेली दिसतेय. तुमचा काटा बिघडलाय, असं मी सांगितलं. तो तुम्हीच दुरुस्त केलाय, असं त्यांनी सांगितलं. मी पेटीतलं पाच किलोचं वजन त्यावर ठेवलं. बरोबर पाच! घरी येऊन तेच वजन आमच्या काट्यावर ठेवलं आणि मागे सरून पाहिलं. तिथेही बरोबर पाच! दोन बिनचूक काटे आणि एकाच पोरीची दोन वजनं. मी डोकं धरून बसलो.

दारातली आई कालपासून पहिल्यांदाच बोलली.

"आता रोज बघतोस तसं वाकून बघ."

मी वाकलो. पाचाचे पाच किलो नऊशे झाले. माझं पोट काट्याच्या कडेवर निवांत टेकलं होतं. काळजीपोटी मी रोज थोडा जास्तच वाकत होतो, आणि केळ्याची अर्धी वाटीही तिथेच जात होती.

मी आईची माफी मागितली. "तुझ्या वेळी वाटी संपली की नाही, एवढंच बघत होते मी," ती म्हणाली, "तुझ्याकडे बघायचं राहिलं. हिच्याकडे बघू."

तिने छकुलीला मांडीवर घेऊन भरवायला सुरुवात केली. छकुलीने मटामटा खाल्लं, आणि दोन चमचे उरले असताना एकदम मान फिरवली. आई तिथेच थांबली. इतकं सोपं होतं तर! मला फार बरं वाटलं. आपणही पोरीकडून हे शिकायचं, असं ठरवून मी त्या दोन चमच्यांकडे पाहत निर्धाराने मान फिरवली.

पुन्हा वळून पाहिलं, तेव्हा आईने वाटी धुवायला नेली होती. म्हणूनच जमलं.