गाडीखालचं पीठ

आमच्याकडे माणूस गेलं, की दिवा लावतात, दिव्याखाली पीठ पसरतात आणि वर बांबूची पाटी झाकतात. सकाळी पाटी उचलून पिठात पाऊल कसलं उमटलंय ते बघायचं. चिमणीचं, मांजराचं, की माणसाचं. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते त्यावरून कळतं म्हणतात. आमचे शेजारी सदाआप्पा रोज संध्याकाळी असंच पीठ पसरतात, फक्त दिव्याखाली नाही, गाडीखाली.

तांदळाचं पीठ, चाळणीनं चाळून, बॉनेटपासून पुढच्या सीटच्या खालपर्यंत. सकाळी दात घासत घासत बाहेर येतात, गुडघे टेकतात, गाल जमिनीला लावून गाडीखाली बघतात आणि तसेच पडल्या पडल्या निकाल जाहीर करतात.

"नोंद घ्या! एक थेंब!"

आप्पा निपाणीच्या स्टँडवर कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार, ते मराठीतून आणि कन्नडमधून पुकारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आप्पा निवृत्त झाले, आवाज झाला नाही. 'प्रवाशांनी नोंद घ्यावी' मधलं 'नोंद घ्या' त्यांच्या तोंडात कायमचं बसलं. भाजीवालीला म्हणतील, "नोंद घ्या, कोथिंबीर शिळी हाय." काम संपलं की "आयतु!" म्हणजे झालं. हे कन्नडमधलं, पण आमच्या गल्लीत ते आता मराठीच समजतात.

माझ्या बायकोला, शोभाला, ते पीठ अजिबात खपत नसे. "सकाळच्या पारी ते बघवत न्हाय मला. मेलेल्या माणसाचं काम त्ये. गाडी मेलीया व्हय त्यांची?"

गाडी मेली नव्हती, म्हातारी झाली होती. सलीममिस्त्रींनी बॉनेट उघडून आप्पांना समजावलं होतं, "इंजिन बी श्वास सोडतंय, आप्पा. त्याला एक नळी असतीया. तुमचं इंजिन थकलंय, श्वासाबरोबर तेलाची वाफ टाकतंय. नळीच्या तोंडाला त्याचा थेंब हुतोय. पडू द्या की. एका थेंबानं काय मरत न्हाय."

आप्पांना मात्र तो थेंब सहन होईना. त्यांनी मोबाइलवर शोध लावला, की ती वाफ एका डब्यात घ्यायची, तिथं तेल खाली बसतं, आणि उरलेली हवा दुसऱ्या नळीनं परत इंजिनात सोडायची. ज्या माणसाचा व्हिडिओ ते बघत, तो कुठली भाषा बोलत होता देव जाणे. "भाषा कशाला पायजे?" आप्पा म्हणाले. "हात मराठीच हायत की त्येचं."

पहिला डबा प्लास्टिकचा. इंजिन तापल्यावर तो एका बाजूला मान टाकून बसला. दुसरी दुधाची स्टीलची किटली. ती उत्तम चालली, पण आप्पांनीच काढून टाकली. का, तर आत काय चाललंय ते दिसत नाही. मग एके दिवशी ते आमच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि शोभाच्या लोणच्याच्या जाड काचेच्या बरणीकडे बघत राहिले. शोभा नाही म्हणायला तोंड उघडते न उघडते, तोवर बरणी आप्पांच्या काखेत.

झाकणाला दोन भोकं पाडली, दोन नळ्या बसवल्या. आत भांडी घासायची तारेची घासणी कोंबली, वाफ तिला अडकून तेल गळावं म्हणून. भोवती सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली आणि मधे एक खिडकी ठेवली. मग बरणी बॉनेटखाली घट्ट आवळून मला हाक मारली, "मास्तर, चला. चाचणी."

मी पुढचं दार उघडायला गेलो.

"मागं बसा," आप्पा म्हणाले. "पुढं जागा न्हाय."

पुढची डावी सीट रिकामी होती. पाठ थोडी मागं कललेली, आणि पट्टा लावलेला. रिकाम्या सीटवरून खांद्यापासून कमरेपर्यंत नीट आवळून. मी मागं बसलो. काचा बंद. मी एक काच खाली करायला लागलो, तर आप्पा आरशातून म्हणाले, "वारं सोसत न्हाय." कुणाला, ते म्हणाले नाहीत. दुपारच्या उन्हात माझ्या पाठीवरून घाम वाहत होता आणि मानेवर मात्र काटा.

कोगनोळीच्या नाक्यावर पोलिसानं वाकून आत बघितलं. पुढं पट्टा बांधलेली रिकामी सीट, मागं एकटा मी. त्यानं मला कोणीतरी मोठा साहेब समजून कडक सलाम ठोकला. मीही मान हलवली. आयुष्यात मला मिळालेला तो एकमेव सलाम, पण त्याची मजा घेण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

घरी येऊन आप्पांनी इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. बरणीतून आवाज आला. हुश्श. थोडं थांबून परत, हुश्श. काचेवर आतून धुकं धरलं, पसरलं आणि हळूहळू मावळलं. गरम हवा निवत असणार, हे मलाही कळत होतं. तरी मी एक पाऊल मागं सरलो.

"दमली," आप्पा म्हणाले.

हा आवाज माझ्या ओळखीचा होता. आप्पांच्या बायकोला, इंदाक्कांना, दमा होता. जिना चढून वर आल्या की आमच्या दाराशी टेकून त्या असाच श्वास सोडायच्या. गेल्या साली त्यांना बेळगावला दवाखान्यात नेताना, काकतीच्या अलीकडं, याच गाडीत, याच सीटवर त्या गेल्या होत्या.

"आप्पा," मी शेवटी विचारलंच, "ते पीठ नक्की कशासाठी?"

त्यांनी बॉनेट लावलं. आवाज स्टँडवरचा नव्हता. "मास्तर, जीव गेला गाडीत आन् घरच्यांनी दिवा लावला आत घरात, सोप्यात. मी सांगतोय, जागा चुकली, तर कोण ऐकंना. सकाळी पाटी उचलली. पीठ जसंच्या तसं. उमटंल कसं? ती तिथं न्हवतीच की! म्हणून मी हितं पसरलं. तर रोज ह्यो थेंब. थेंबाचं पाऊल कुठल्या जनावराचं असतंय? तुम्हीच सांगा."

"आणि आता थेंब थांबला तर?"

"थांबला, आन् पीठ साफ ऱ्हायलं, तर ती अजून गेली न्हाय. हितंच हाय." त्यांनी डाव्या दारावर हात ठेवला. "तेवढंच."

शोभाला हे सांगितलं. बरणी परत मागायचं तिनं सोडून दिलं.

थेंब खरंच थांबला. रोज सकाळी गल्लीत आरोळी उठायची, "नोंद घ्या! साफ! आयतु!" आणि आप्पा पोरासारखे खूश होऊन आंघोळीला जायचे. त्या आरोळीवर आमच्याकडे चहाचं आधण चढू लागलं.

मग एका थंडीच्या सकाळी मी दूध आणायला निघालो. आप्पा अजून उठले नव्हते. सहज वाकून गाडीखाली बघितलं आणि तसाच राहिलो. पिठात पावलं होती. तीन बोटांची, बारीक. बाहेर येणारी. ती सुरू होत होती बरोबर डाव्या सीटच्या खाली, मधोमध. आत जाणारं एकही नव्हतं. चिमणी आली असेल उडत, असं मी स्वतःला सांगितलं. पण गाडीखाली इतक्या आत चिमणी उडत कशी जाईल? आप्पांनी हे बघितलं तर काय होईल, एवढंच डोक्यात आलं. मी हात घालून ती पावलं पुसायला लागलो.

"सरका," मागून आवाज आला. शोभा होती, हातात चाळण. वरून खिडकीतून तिनं मला बघितलं असणार. पदर खोचून ती जमिनीवर बसली आणि आमच्या घरचं पीठ त्यावर चाळू लागली.

इतक्यात कडी वाजली. आप्पा आले. आम्ही दोघं भिंतीला लागून उभे. ते गुडघे टेकून वाकले, गाल जमिनीला लावला. बराच वेळ बघत राहिले. आरोळी आली नाही. आमच्या घरी पीठ जरा जाडंच दळतात.

आप्पा उठले. शोभाच्या कोपरापर्यंत पांढऱ्या झालेल्या हातांकडे बघितलं.

"कशाचं हुतं, गं?" त्यांनी हळूच विचारलं.

शोभाच्या डोळ्यांत पाणी आलं. "चिमणीचं, आप्पा."

आप्पांनी डावं दार उघडलं, पट्टा सोडला आणि सगळ्या काचा एकेक करून खाली घेतल्या.

"चिमणी व्हय," ते म्हणाले. "मग आता दम लागायचा न्हाय तिला."